दिवा लावून घेतलेलं माप

डोळ्यांच्या दवाखान्यात काम करणाऱ्या माणसाने स्वतः चष्मा घालावा की घालू नये, हा प्रश्न अकरा वर्षांत कोणालाही पडला नव्हता. तो पडला नवीन लेसर मशीन आलं तेव्हा. मशीनवरचं प्लास्टिक निघालं, कंपनीचा माणूस टाय सावरत सगळ्यांशी हात मिळवून गेला, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी डॉक्टरसाहेबांनी अख्ख्या स्टाफला हॉलमध्ये उभं करून सांगितलं, की यापुढे या दवाखान्यात कोणाच्या नाकावर चष्मा दिसता कामा नये. पेशंट विचारतात. लेसर इतका चांगला आहे तर तुमच्याच माणसांना का नाही, असं तोंडावर विचारतात. तेव्हा ज्यांना नंबर आहे त्यांचं ऑपरेशन दवाखाना फुकट करणार, आणि मग सगळ्यांचा एक फोटो काढून तो दारात लावणार.

टाळ्या झाल्या. फुकट म्हटलं की टाळ्या होतातच.

आता चष्मेवाले होते किती, तर तीन. त्यातले हिशेब बघणारे काका पुढच्या महिन्यात निवृत्त होणार होते. शिपायाचा चष्मा फक्त पेपर वाचण्यापुरता, आणि पेपर आपण ड्युटीवर वाचतो हे कबूल करायला शिपाई तयार नव्हता. राहिली ती. म्हणजे एवढी वीस-बावीस माणसं उभी करून जे सांगितलं गेलं ते तिला एकटीला सांगितलं होतं, आणि हे न कळण्याइतकं तिथे कोणी खुळं नव्हतं. रिसेप्शनवरच्या बाईने तर टाळी वाजवता वाजवता तिच्याकडे बघून डोळा मारला.

तिला सगळे मोजणीबाई म्हणत. लेसरसाठी आलेला प्रत्येक माणूस आधी तिच्या खोलीतून जायचा. नंबर काढायचा, कॉर्नियाची, म्हणजे डोळ्यापुढच्या पारदर्शक पडद्याची, जाडी बघायची, कॉर्नियाचा नकाशा काढायचा आणि शेवटी बाहुली मोजायची, की ती किती पसरते. चारही आकडे कागदावर लिहून खाली सही ठोकायची, की झाला माणूस ऑपरेशनला मोकळा. तिचा स्वतःचा नंबर होता उणे साडेसात. चष्मा काढला की समोरचा माणूस म्हणजे नुसता शर्टाचा रंग. दहावीपासून तिने चष्म्याला शिव्या घातल्या होत्या, आणि लेसरचा विचार तिच्या मनात आलाच नव्हता असं ती म्हणाली असती तर ते खोटं ठरलं असतं. आला होता. तिने तो दरवेळी बाजूला सारला होता, आणि का सारला हे कोणाला सांगितलं नव्हतं.

कारण होतं बाहुली. गोष्ट तशी सोपी आहे. उजेडात बाहुली आकसते, अंधारात पसरते. लेसर कॉर्नियाचा मधला गोल तेवढा घासतो, आणि नंबर मोठा असेल तर तो गोल लहान ठेवावा लागतो. अंधारात बाहुली त्या गोलाच्याही बाहेर पसरली, तर घासलेल्या गोलाच्या काठावरून उजेड आत शिरतो आणि फुटतो. दिव्याभोवती कडी दिसायला लागतात, समोरून येणाऱ्या गाडीच्या दिव्यांना काटे फुटतात. दिवसा काही नाही. दिवसा माणूस खूश असतो, सगळ्यांना लेसर करून घ्या म्हणून सांगत सुटतो. म्हणूनच बाहुली मोजायची ती अंधारात. दिवा बंद करून पेशंटला बसवायचं, डोळे अंधाराला सरावू द्यायचे आणि मग माप घ्यायचं. हे तिला कोर्सला शिकवलं होतं, आणि नोकरीची पहिली दोन वर्षं ती तसंच करत होती.

मग गर्दी वाढली. एकदा बाहेर रांग लागलेली असताना डॉक्टरसाहेबांनी दारातून आत डोकं घातलं. "अहो, अंधारात काय बसवून ठेवलंय? पेशंट घाबरतात," म्हणाले आणि जाता जाता स्वतःच्या हाताने दिवा लावून गेले. त्या दिवशी तिने दिवा तसाच ठेवून मोजलं. जिथे आठ मिलिमीटरचा आकडा यायचा तिथे सहा आला. सहा म्हणजे पास. पेशंट खूश, डॉक्टर खूश, रांग पुढे. दुसऱ्या दिवशी दिवा तिने लावला. तिसऱ्या दिवसापासून तो बंद करायचा असतो हेच त्या खोलीत कोणाच्या लक्षात राहिलं नाही. फॉर्मवर मात्र छापलेलं तसंच राहिलं, 'बाहुलीचं माप, अंधाऱ्या खोलीत', आणि त्याच्यापुढे ती रोज आकडा लिहीत राहिली.

चूक म्हणावी तर ती एका दिवसात झाली नव्हती, आणि फसवणूक म्हणावी तर तशी कोणी ठरवली नव्हती. असं ती स्वतःला सांगायची. माणूस स्वतःला काय वाटेल ते सांगू शकतो. शिवाय दहातल्या नऊ जणांना काही होत नव्हतंच, आणि दहावा आला तर त्याला सांगायला डॉक्टरसाहेबांकडे एक वाक्य तयार होतं: होईल सवय.

तिचा दहावा होता पायलट.

पायलट म्हणजे तिचा धाकटा भाऊ. लहानपणी पाट उलटा करून त्याच्यावर बसायचा आणि घरभर गाडी हाणायचा, तेव्हापासून हे नाव. पुढे तो खरोखरच लांब पल्ल्याच्या बसवर ड्रायव्हर झाला. दुपारी निघायचं आणि पहाटे पोचायचं. प्रवासी झोपेतून उठायचे ते गाव आल्यावरच, इतका त्याचा हात हलका. त्यालाही चष्मा होता. घामाने तो नाकावरून घसरायचा, पावसात बाहेर उतरलं की काचा धुरकटायच्या. तीन वर्षांपूर्वी तो म्हणाला, "ताई, तुझ्या दवाखान्यात करून टाकू का?" ती म्हणाली, "ये की. मीच मोजते."

दोघा भावंडांचे डोळे आईवर गेलेले. मोठे, काळेभोर. लोक म्हणायचे, काय डोळे आहेत पोरांचे! ते इतके काळे दिसायचे कारण मधली बाहुलीच पसरट होती, पण हे लोकांना कसं कळणार? तिला मात्र कळत होतं. त्याला खुर्चीत बसवलं, हनुवटी टेकायला सांगितली, आणि सहा आला तेव्हा तिचा हात दिव्याच्या बटणापर्यंत गेलाही होता. बाहेर नऊ जण खोळंबले होते. डॉक्टरसाहेबांचं दोनदा विचारून झालं होतं. बटणापर्यंत गेलेला हात तिने परत आणला, पेन उचललं आणि सहा लिहिला. हे तिला पक्कं आठवतं, आठवू नये म्हणून तिने पुष्कळ खटपट केली तरीसुद्धा.

पहिले पंधरा दिवस पायलट हवेत होता. डेपोत सगळ्यांना सांगायचा, आमच्या ताईने स्वतः मोजलंय. मग त्याची नेहमीची पाळी सुरू झाली. "ताई, समोरून ट्रक आला की मला दोन दिवे दिसत नाहीत," तो म्हणाला. "सगळा रस्ताच पेटल्यासारखा दिसतो." डॉक्टरांनी तपासलं, म्हणाले, होईल सवय. दुसऱ्यांदा गेला, होईल सवय. चौथ्यांदा गेला तेव्हा म्हणाले, फार मनावर घेऊ नका. त्या दिवशी तो दवाखान्यातून सरळ तिच्या घरी आला, स्वयंपाकघरातल्या खुर्चीवर बसला आणि चाळिशीला टेकलेला तो गडी लहान पोरासारखा रडला. तिने त्याच्या पाठीवरून हात फिरवला. म्हणाली, "तुझा रिपोर्ट एकदम चांगला आहे रे. मनाचे खेळ आहेत हे. तू घाबरतोस म्हणून जास्त दिसतं."

तिच्यावर नाही तर कोणावर विश्वास ठेवणार? तो गेला आणि पुन्हा बसवर चढला. महिन्याभराने एका मोकळ्या रस्त्यावर, समोर काहीही नसताना, त्याने करकचून ब्रेक मारला. दूरच्या एका दिव्याला तो अंगावर आलेली गाडी समजला होता. एका म्हाताऱ्या प्रवाशाचं खांद्याचं हाड मोडलं. डेपोने त्याला बसवरून उतरवून पार्सलच्या खिडकीवर बसवलं, दिवसपाळी. तिथेही त्याला पायलटच म्हणतात. पूर्वी कौतुकाने म्हणायचे. भावजय कोणी विचारलं तर सांगते, "त्यांनी धसका घेतलाय," आणि असं सांगते की ऐकणाऱ्याला भित्रा हा शब्दच ऐकू यावा.

आता ही बाई लेसर करून घ्यायची की नाही याचा विचार करत होती, म्हणजे कसला विचार करत होती हे लक्षात येईल. नको म्हणायचं तर कारण द्यावं लागणार. बाहुली मोठी, हे कारण. पण बाहुली मोठी हे कळलं कसं? तर अंधारात मोजून. मग बाकीच्यांची कशी मोजली? आणि हा प्रश्न दवाखान्याच्या भिंतींच्या आत थोडाच थांबणार होता! सख्ख्या भावाचे डोळे तिच्यासारखेच आहेत हे भावालाही ठाऊक होतं. त्याने फक्त एवढंच विचारायचं होतं, की मग माझं माप किती होतं, ताई? तीन वर्षं ज्या प्रश्नापासून ती तोंड लपवत होती, तो चष्म्याच्या निमित्ताने दारात येऊन उभा राहिला होता. तिला आता जगात तो एकच जवळचा माणूस उरला होता.

तिचं माप मामांनी घेतलं. मामा म्हणजे मोजणीच्या खोलीतले दुसरे. चष्म्याच्या दुकानात वीस वर्षं काढून इथे आलेले, आणि इथलं काम तिच्याकडूनच शिकलेले. त्यांनी तिला खुर्चीत बसवलं, हनुवटी टेकवली. दिवा डोक्यावर ढणाढणा जळत होता.

"सहा पॉइंट एक," मामा म्हणाले. "पास! अभिनंदन, बाई. आता तुम्ही हिरॉइन."

"मामा, दिवा बंद करा. दार लावा. जरा वेळ थांबा आणि परत मोजा."

मामांनी तिच्याकडे बघितलं आणि दिवा बंद केला. दोघं अंधारात बसून राहिले. बाहेर कोणाचा तरी नंबर पुकारला गेला. मग मामांनी मोजलं. मग पुन्हा मोजलं.

"आठ पॉइंट दोन," ते हळू आवाजात म्हणाले. "कुठला लिहू?"

मामांनी दिवा लावला आणि पेन उघडलं. "तुम्ही मला शिकवलात तो लिहितो," ते म्हणाले आणि सहा पॉइंट एक लिहिलं. त्यात टोमणा नव्हता. मामांना टोमणे मारता येत नसत, आणि म्हणूनच ते तिला जास्त लागलं.

बुधवारी दुपारी ती डॉक्टरसाहेबांच्या केबिनमध्ये गेली.

"सर, माझं नको करायला. माझी बाहुली मोठी आहे."

"कोण म्हणतं?" त्यांनी तिचा कागद पुढे ओढला. "सहा पॉइंट एक. छान आहे की!"

"ते दिवा लावून मोजलंय, सर. बंद करून आठ पॉइंट दोन येतं."

डॉक्टरसाहेब खुर्चीत मागे रेलले. रागावले असते तर बरं झालं असतं. रागावलेल्या माणसाशी भांडता येतं.

"आपल्याकडे दिवा लावून मोजतात?" त्यांनी विचारलं. त्या खोलीत जणू त्यांनी जन्मात पाऊल ठेवलं नव्हतं!

"सर, तुम्हीच एकदा..."

"मी काय?"

एका दुपारी एक माणूस दारातून डोकावून दिवा लावून जातो, याचा कागद कुठे असतो?

"फॉर्मवर काय छापलंय, बाई?"

"अंधाऱ्या खोलीत."

"आणि खाली सही कोणाची?"

"माझी."

"हं." त्यांनी कागद पुन्हा तिच्याकडे सरकवला. "हे बघा, नव्या मशीनला बाहुलीचं फारसं काही नसतं. कंपनीने स्पष्ट सांगितलंय."

"खरं असेल, सर. पण मग फॉर्मवरचा तो रकाना काढून का नाही टाकला?"

यावर ते हसले. छान हसायचे, पेशंट त्या हसण्यावरच अर्धे बरे व्हायचे. "म्हणजे लोकांच्या डोळ्यांना चालला तो आकडा तुमच्या डोळ्यांना चालत नाही, असंच ना?" ते म्हणाले. "मग आपण असं करू. हा कागद बरोबर असेल तर शनिवारी सकाळी दहाला या, सोबत एक माणूस घेऊन या. कागद चूक असेल तर मला लेखी द्या, की मी इतकी वर्षं चुकीचं मोजत आले. तुमच्या हाताने, तुमच्या सहीने. मग जिथे पाठवायचं तिथे मी ते पाठवतो. दोन्हीला माझी ना नाही. शेवटी डोळे तुमचे, निर्णय तुमचा."

हे शेवटचं ते प्रत्येक पेशंटला म्हणत.

बाहेर येऊन तिने पहिलं काय केलं, तर भावाला फोन केला. "शनिवारी माझं ऑपरेशन आहे. सोबत कोणीतरी लागतं. येशील?" तो म्हणाला, "हे काय विचारणं झालं? शुक्रवारीच संध्याकाळी येतो मुक्कामाला." त्याला सकाळी लवकर निघायचं तर अर्धी वाट काळोखात काढावी लागली असती. हे तो बोलला नाही, तिनेही विचारलं नाही.

मग तिने विचार केला. करूनच टाकावं. आपण कुठे बस चालवतो? दिव्याभोवती कडी दिसली तर दिसली. नोकरी राहील, भाऊ राहील, चष्मा जाईल. दोन डोळ्यांत सगळं मिटतं. ऑपरेशनपूर्वी सही करायचा संमतीचा फॉर्म तिने घरी आणला होता. त्यातलं सातवं कलम तिने कित्येक पेशंटना बोट ठेवून दाखवलं होतं: 'कमी प्रकाशात दिव्यांभोवती वलयं दिसू शकतात.' "हे सगळ्यांना लिहावंच लागतं हो," असं ती वर म्हणायची आणि पेन हातात द्यायची. आता ते कलम तिने चार वेळा वाचलं, आणि पेन हातात द्यायला समोर कोणी नव्हतं.

एक विचार तर असा आला, की पायलटला जे दिसतं ते आपल्यालाही दिसू दे, म्हणजे फिटंफाट होईल. त्या विचाराने तिला क्षणभर फार बरं वाटलं, आणि मग स्वतःची किळस आली. तिचे डोळे बिघडून त्याचे थोडेच सुधारणार होते? स्वतःला शिक्षा करून घ्यायची आणि खरं बोलायचं टाळायचं, हे तर स्वतःचेच लाड झाले.

आणि खरी गोष्ट एवढीच होती की तिला भीती वाटत होती. त्या मशीनखाली आडवं व्हायची तिची छाती नव्हती. तो पेटलेला रस्ता तिला नको होता. गुरुवारी संध्याकाळी तिने कागद घेतला आणि डॉक्टरसाहेबांच्या नावे पत्र लिहिलं. नऊ वर्षं बाहुलीचं माप दिवा चालू ठेवून घेतलं, फॉर्मवर अंधारातलं म्हणून लिहिलं, त्यामुळे पुष्कळ आकडे खऱ्यापेक्षा कमी आहेत, माझं स्वतःचं माप आठ पॉइंट दोन आहे, सबब मी ऑपरेशन करून घेऊ शकत नाही. सव्वा पान झालं. सही केली. नोकरी जाणार हे उघड होतं, आणि नवल म्हणजे नोकरीचं तिला फारसं काही वाटलं नाही.

शुक्रवारी सव्वासहाला, दिवेलागणीच्या आधी पायलट आला. खांद्याला पिशवी, अंगात डेपोचा शर्ट. आल्या आल्या त्याने तिच्या चष्म्याला बोट लावलं. "आजचा शेवटचा दिवस म्हणायचा याचा!"

तिने चहा टाकला. तो त्याच खुर्चीवर बसला. बशीत चहा ओतता ओतता म्हणाला, "ताई, एक सांगू? तू नसतं केलंस तरी चाललं असतं. म्हणजे तुला भीती घालत नाहीये मी. तुझं होईल चांगलं. माझ्यासारखं काही सगळ्यांचं होत नाही. मीच जरा मनाने कच्चा."

इथपर्यंत तिने काय बोलायचं ते ठरवून ठेवलं होतं. त्याचं हे वाक्य ऐकलं आणि सगळं विसरली. उठली, कपाटावरचं पत्र काढलं आणि त्याच्या हातात दिलं.

"उद्या ऑपरेशन नाही. हे वाच."

तो खिडकीशी जाऊन वाचायला लागला. एकदा वाचलं, पुन्हा पहिल्या ओळीपासून वाचलं.

"दिवा चालू ठेवून, म्हणजे?"

तिने सांगितलं. बाहुली कशी पसरते, लेसरचा गोल केवढा असतो, काठावर उजेड कसा फुटतो. रोज पेशंटना सांगायची तसंच, क्रमाने, स्वच्छ. इतकं सरळ सांगता येतंय याचीच तिला लाज वाटली.

"माझंही असंच मोजलंस?"

"हो."

"खरं किती होतं मग?"

"माहीत नाही. मोजलंच नाही ना. आठाच्या आसपास असणार. आपले डोळे सारखेच आहेत."

तो म्हणाला, "होते चूक. एवढी माणसं रोज येणार, एखाद वेळी होणारच." तो तिला वाट करून देत होता. लहानपणी तिने काही फोडलं की हाच पुढे होऊन मी फोडलं म्हणायचा, अगदी तसाच. तिने मान हलवली असती तर गोष्ट तिथेच संपली असती. पण त्यानेच पुढे विचारलं, "तुला कधी कळलं?"

"शंका मोजलं त्याच दिवशी आली होती. तू चौथ्यांदा दाखवून आलास तेव्हा खात्री होती."

"इथे बसलो होतो तेव्हा?"

"हो."

"रडत होतो तेव्हा."

"हो."

"आणि तू म्हणालीस मनाचे खेळ."

त्याने पत्र टेबलावर ठेवलं आणि तळव्याने सपाट केलं.

"तीन वर्षं," तो म्हणाला. आवाज चढला नव्हता. "तीन वर्षं मी स्वतःला सांगतोय गं, की भित्र्या, काही नाहीये समोर. ताईने सांगितलंय, काही नाहीये. मागच्या महिन्यात अंधार पडल्यावर डेपोतली एक गाडी काढली मी, यार्डातल्या यार्डात. भीती मोडायची म्हणून. भिंतीला घातली. साहेबाचे पाय धरले, कोणाला सांगू नका म्हणून. बायकोलाही सांगितलं नाही. तिला आधीच वाटतं, नवरा नुसता दिसायला धिप्पाड."

"पायलट..."

"नको म्हणूस पायलट."

खाली कोणीतरी मोटरसायकल सुरू करत होतं, ती सुरू होत नव्हती. तो आवाज एकदाचा थांबला. मग त्याने पत्राकडे बोट केलं.

"हे चांगलं लिहिलंयस. नऊ वर्षं, पुष्कळ आकडे, सगळं आलंय. पण एक सांग मला, खरं सांग. उद्या तुझ्या डोळ्यांना लेसर लागणार नसता, तर हे लिहिलं असतंस का?"

तो तिच्याकडे बघत होता, आणि त्याला काय ऐकायचंय ते तिला लख्ख दिसत होतं. हो म्हण, एवढंच. थोड्या दिवसांनी का होईना, मी सांगणारच होते. त्याने विश्वास ठेवला असता. त्याने तिच्यावर आजवर प्रत्येक वेळी ठेवला होता. पहिल्या दिवशी ठेवला, खुर्चीत रडताना ठेवला, आताही तो ठेवायला तयार बसला होता. एका शब्दात भाऊ परत मिळत होता, आणि तो शब्द खोटा आहे हे तिच्याशिवाय कोणालाही कधी कळलं नसतं.

"नाही," ती म्हणाली.

त्याने मान हलवली. चहा तसाच राहिला होता. त्याने पत्राची घडी घातली, तिच्यासमोर ठेवली, आणि पिशवी खांद्याला लावली.

"अरे, राहा. अंधार पडला."

"नको."

"मग स्टॉपपर्यंत येते. थांब, चप्पल घालते."

अंधार पडल्यावर तो निघाला की ती नेहमी त्याचा दंड धरून गाड्यांच्या बाजूने चालायची. समोरून दिवा आला की नुसतं म्हणायची, चल, मोकळं आहे, आणि तो चालायचा.

"नको म्हटलं ना, ताई," तो म्हणाला आणि दार स्वतःच लावून घेऊन गेला.

ती गॅलरीत येऊन उभी राहिली. रस्त्यावरचे दिवे लागले होते. तो फाटकातून बाहेर पडला, डाव्या हाताने कंपाउंडची भिंत चाचपत चालायला लागला. कोपऱ्यावरून एक गाडी वळली. तो थांबला, भिंतीकडे तोंड केलं, डोळ्यांवर हात धरला, आणि गाडी जाईपर्यंत तसाच उभा राहिला. मग पुन्हा चार पावलं गेला. पुन्हा गाडी आली.

स्टॉप चार मिनिटांवर होता. तिथे पोचेपर्यंत सात गाड्या आल्या, आणि सातही वेळा तो थांबला.